नवा कॉपरबँड बटरफ्लाय खात नाही, परांवर पांढरे ठिपके दिसतात: औषध टाकायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ४०० लिटरची, आठ महिन्यांची, कोरल असलेली, खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी. त्यात ऑसेलारिस क्लाउनफिशची जोडी, एक यलो टँग आणि सहा ग्रीन क्रोमिस. चार दिवसांपूर्वी सुमारे ९ सेंटिमीटरचा कॉपरबँड बटरफ्लाय मासा पार्सलने आला, पिशवीत जवळजवळ २४ तास होता. दोन तास ड्रिप लावून (टाकीचं पाणी थेंबथेंब त्याच्या पाण्यात सोडून) तो थेट मुख्य टाकीत सोडला. तेव्हापासून तो दगडामागे असतो, पेलेट आणि फ्रोझन ब्राइन श्रिम्पकडे ढुंकूनही बघत नाही. कालपासून परांवर दोन-तीन पांढरे ठिपके दिसतात. दुकानदाराने टाकीत कॉपरचं (तांब्याचं) औषध टाकायला सांगितलं आहे, तर ते किती टाकायचं?

मुख्य टाकीत कॉपर टाकू नका, थोडंसुद्धा नाही. कोरल, गोगलगायी, कोळंबी हे सगळं त्यात मरेल. शिवाय लाइव्ह रॉक (जिवाणू आणि किडे वसलेले समुद्री दगड) आणि वाळू कॉपर शोषून घेतात. त्यामुळे पाण्यातलं प्रमाण कधीच स्थिर राहत नाही, म्हणजे परजीवी मरायला पुरेसं कॉपर मिळत नाही आणि टाकीचं नुकसान मात्र होतं. कॉपर वेगळ्या, रिकाम्या टाकीत वापरायचं असतं आणि तेही निदान झाल्यावर.

पण मला वाटतं तुमचा खरा प्रश्न औषधाचा नाहीच. घरच्या टाकीत आलेले कॉपरबँड मोठ्या प्रमाणावर उपासमारीने जातात आणि ठिपक्यांच्या मागे लागलेल्या माणसाच्या ते लक्षात येत नाही. पकडल्यापासून तुमच्यापर्यंत पोहोचेस्तोवर या माशाचं खाणं अनेकदा तुटलेलं असतं. त्यात नवी टाकी, कदाचित अंगावर येणारा टँग आणि वर औषध, जे बहुतेक वेळा भूक आणखी मारतं. म्हणून पुढच्या प्रत्येक निर्णयाला एकच कसोटी लावा: याने मासा खाण्याच्या जवळ जाईल की लांब?

आज करायचं काम मोजमापाचं आहे. तापमान २५-२६ अंश, क्षारता, म्हणजे पाण्यातलं मिठाचं प्रमाण, ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) म्हणजे साधारण १.०२६ विशिष्ट घनता, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, पीएच ८.१ ते ८.४ हे बघा. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणाने तपासून घ्या. नुसत्या आरओ (गाळून क्षार काढलेल्या) पाण्याने शून्यावर आणलेला रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या आसपास चुकू शकतो. नंतर टाकीपासून दोन मीटर लांब बसा आणि कल्ल्यांची उघडझाप १५ सेकंद मोजून चारने गुणा. शांत माशात हा आकडा साधारण ६० ते ९० असतो. आकार, तापमान आणि भीती यांनी तो बदलतो, म्हणून एकाच आकड्यावर विसंबू नका. दिवसातून तीनदा मोजा आणि कल बघा. १२० च्या पुढे जाऊन तिथेच राहिला, तर कल्ल्यांना काहीतरी झालं आहे असं धरा.

आता ठिपके. हे नीट ओळखल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मरिन इक, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन, मिठाच्या कणाएवढे सुटे, उठावदार, मोजता येतील असे ठिपके देतो. परजीवी माशावर ३ ते ७ दिवस राहतो, मग गळून वाळूत किंवा दगडावर कवच करतो आणि तिथून पुन्हा नवे परजीवी बाहेर पडतात. म्हणून ठिपके आपोआप गायब होतात, लोक औषध लागू पडलं असं समजतात आणि काही दिवसांनी आधीच्या कितीतरी पट ठिपके येतात. मरिन वेल्व्हेट, म्हणजे अमायलोडिनियम, याहून घातक आहे. त्याचे ठिपके पिठाच्या बारीक धुळीसारखे, तिरप्या प्रकाशात जेमतेम दिसतात. पण तो आधी कल्ल्यांवर बसतो, त्यामुळे ठिपके दिसण्याआधीच श्वास वाढलेला असतो, मासा पंपाच्या प्रवाहात तोंड करून उभा राहतो आणि प्रकाश टाळतो. तिसरी शक्यता लिम्फोसिस्टिसची. परांच्या कडेला फुलकोबीसारखे पांढरे, ओबडधोबड गाठोळे येतात. हा विषाणू आहे, प्रवासाचा ताण सोसलेल्या बटरफ्लाय माशांत नेहमी दिसतो. त्याला औषध नाही आणि लागतही नाही. पाणी आणि खाणं सुधारलं की काही आठवड्यांत गाठी जातात. फक्त परांच्या कडेला दोन-तीन ठिपके आणि चोवीस तासांनी त्याच जागी, तेवढेच, असं असेल तर याचीच शक्यता जास्त. रोज एकाच कोनातून फोटो काढा, लक्षात ठेवण्यावर जाऊ नका.

मासा आता मुख्य टाकीत ठेवायचा की बाहेर काढायचा हे तीन गोष्टींवर ठरेल: श्वास, टँगचं वागणं आणि तुमच्याकडे वेगळी टाकी उभी करायची सोय. श्वास सतत १२० च्या वर असेल किंवा धूळ दिसली, तर आजच बाहेर काढा, कारण वेल्व्हेटमध्ये दोन-तीन दिवसही मिळत नाहीत. श्वास ठीक आहे पण टँग शेपटी वळवून अंगावर जातो, तर मासा टाकीतच छिद्रांच्या पारदर्शक ॲक्लिमेशन बॉक्समध्ये (टाकीत बसणारा, माशाला वेगळं ठेवायचा डबा) घ्या. बॉक्स किमान ३० सेंटिमीटर लांब असावा. त्यात त्याला शांतता मिळते आणि अन्न इतरांच्या तोंडी जात नाही. श्वास ठीक, कुणी त्रास देत नाही आणि तो दिवसभर दगडाच्या फटींत चोच घालतो आहे, तर त्याला हात लावू नका. तो काहीतरी वेचतो आहे. मात्र आठ महिन्यांच्या टाकीतले किडे त्याला फार दिवस पुरणार नाहीत. काही आठवड्यांतच ते संपतात, म्हणून हाताने भरवायची सवय आतापासूनच लावायला हवी.

पकडताना जाळी वापरू नका. पाठीवरचे काटे जाळीत अडकतात आणि लांब तोंडाला इजा होते. तोंड दुखावलेला कॉपरबँड खायला लागणं फार कठीण. दिवे बंद करून, पारदर्शक डबा बुडवून, हळूहळू त्यात वळवा आणि पाण्यासकट उचला. दगड हलवून पाठलाग करायची वेळ आली तर थांबा आणि रात्री प्रयत्न करा.

वेगळी टाकी ८० ते १०० लिटरची, तळाला वाळू नाही, दगड नाही. स्पंज फिल्टर, हीटर, वेगळा एअर स्टोन, लपायला ७५ मिलिमीटर व्यासाचे पीव्हीसी पाइपचे दोन-तीन तुकडे, वर झाकण आणि तीन बाजूंना कागद. स्पंज नेहमी तीन-चार आठवडे आधी सम्पमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) टाकून ठेवायचा असतो, म्हणजे त्यावर जिवाणू बसतात. तुमच्याकडे तो तयार नसेल तर सम्पमधला जुना स्पंज किंवा सिरॅमिक मीडिया उचला. एरवी परजीवी सोबत येतील म्हणून हे टाळतात, पण हा मासा त्याच पाण्यातला आहे, त्यामुळे इथे काही बिघडत नाही. टाकी मुख्य टाकीच्याच पाण्याने भरा, म्हणजे क्षारतेचा फरकच उरत नाही. अमोनिया दिवसातून दोनदा तपासा. ०.२५ पीपीएम (दहा लाखात भाग) दिसला की त्याच दिवशी २५-३० टक्के पाणी बदला. हवा जोरात ठेवा. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा ऑक्सिजन कमी विरघळतो आणि कल्ले दुखावलेल्या माशाला तो आणखी कमी पडतो.

आता खाणं, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. कॉपरबँडचं तोंड फटीत घालून किडे, नळीतले अळीसारखे जीव आणि शिंपल्यांचं मांस उचलायला घडलेलं आहे. पाण्यात तरंगत जाणारा गोळा त्याला अन्न वाटतच नाही. पेलेट नाकारतो याचा अर्थ तो हट्टी आहे असा नाही, त्याला ती वस्तू ओळखू येत नाही. म्हणून पहिला घास फटीत दिसला पाहिजे.

माझी पहिली निवड नेहमी अर्ध्या शिंपलीतली तिसरी, म्हणजे बाजारात मिळणारा खायचा शिंपला. ताज्या तिसऱ्या एक दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा. वितळल्यावर त्या स्वतःहून उघडतात, सुरी लावायची झटापट लागत नाही. एक शिंपली काढून टाका, मांस दुसऱ्या शिंपलीत तसंच चिकटलेलं राहू द्या, आरओ पाण्यात धुवा आणि पीव्हीसीच्या तुकड्याला टेकवून, थोडी तिरपी, तळापासून १०-१५ सेंटिमीटर उंचीवर ठेवा. पंप १५ मिनिटं बंद, एअर स्टोन चालूच. मग खोलीतून निघून जा. समोर उभं राहून बघत बसलात तर तो खाणार नाही. तीन-चार तासांनी उरलेलं मांस काढा. रात्रभर राहिलं की लहान टाकीत अमोनिया उसळतो आणि तुम्ही एका दिवसात दोन पावलं मागे जाता.

मासा शिंपलीभोवती फिरला, एका डोळ्याने बघितलं, तोंड जवळ नेऊन मागे घेतलं, हे सगळं चांगलं लक्षण आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो टोचा मारतो. अजिबात लक्ष देत नसेल तर हालचाल दाखवावी लागते: जिवंत प्रौढ ब्राइन श्रिम्प किंवा जिवंत ब्लॅकवर्म. ब्लॅकवर्म गोड्या पाण्यातले असतात, खाऱ्या पाण्यात काही मिनिटंच वळवळतात. म्हणून स्वच्छ धुऊन, चिमूटभरच, लहान वाटीत टाकून तळाला ठेवा. ब्राइन श्रिम्पमध्ये चरबीयुक्त आम्लं फार कमी असतात, भूक चाळवायला ते उत्तम पण त्यावर मासा भरत नाही. ओमेगा-३ असलेल्या एनरिचमेंट द्रावणात काही तास ठेवून मगच द्या.

जिवंत अन्नावर तीन-चार दिवस नीट खाल्लं की बदल सुरू करा. तिसरीच्या मांसाच्या घड्यांत मायसिसचे (कोळंबीसारखा छोटा जीव, फ्रोझन मिळतो) ३-४ मिलिमीटरचे तुकडे दाबून भरा. रोज मांस थोडं कमी, मायसिस थोडं जास्त. शेवटी रिकाम्या शिंपलीत फक्त मायसिस आणि बारीक चिरलेली कोळंबी. यानंतर तेच मायसिस पिपेटने शिंपलीच्या जवळ सोडायचं, मग थोडं लांब. असं केल्यावर तो पाण्यातलं अन्न पकडायला शिकतो. याला एक आठवडा लागेल की पाच, हे माशावर आहे. घाई केलीत आणि त्याने खाणं सोडलं, तर एक पायरी मागे या, दोन नको. तिसऱ्यांवरच कायम ठेवायचं नाही, कारण अनेक शिंपल्यांत थायमिनेज हे एन्झाइम असतं आणि ते जीवनसत्त्व बी-१ नष्ट करतं. महिनोन्महिने तेवढंच खाणारा मासा खाऊनही खंगतो.

मात्रा कमी, वेळा जास्त. दिवसातून चार-पाचदा, दर वेळी दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. हा मासा दिवसभर वेचून खाणारा आहे, सकाळ-संध्याकाळच्या दोन भरपेट जेवणांवर तो वजन धरत नाही. वजन बघायचं ते पोटावर आणि डोक्यामागच्या पाठीवर. पोट आत गेलेलं चालतं, भरून येतं. डोक्यामागे पाठीचं मांस खोलगट दिसू लागलं, की शरीर स्वतःचे स्नायू खाऊ लागलं आहे. तिथून परत आणणं अवघड असतं. वरून, समोरून बघा, बाजूने ते कळत नाही.

औषधाकडे येतो. या माशावर ठिपक्यांपेक्षा जास्त वेळा न दिसणारे फ्लूक, म्हणजे कातडीला आणि कल्ल्यांना चिकटणारे चपटे कृमी असतात. अंग घासणं, मान झटकणं, एकच कल्ला बंद ठेवणं, डोळा ढगाळ होणं ही त्यांची लक्षणं. तुमच्या माशात यांतलं काही असेल तर गोड्या पाण्याची डुबकी निदानही देते आणि आरामही. आरओ पाणी टाकीच्याच तापमानाला आणा, खायच्या सोड्याने पीएच टाकीइतका करा, तासभर हवा सोडा, मग काळ्या तळाच्या भांड्यात ३ ते ५ मिनिटं. फ्लूक पांढरे होऊन तळाला पडलेले दिसतात. मासा सुरुवातीला धडपडेल किंवा आडवा पडेल, ते अपेक्षित आहे. श्वास थांबल्यासारखा वाटला तर तत्काळ परत सोडा. फ्लूक दिसले तर वेगळ्या टाकीत प्राझिक्वांटेल २.५ मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे १०० लिटरला २५० मिलिग्रॅम. पाच ते सात दिवसांनी दुसरी मात्रा, कारण अंडी पहिल्या मात्रेने मरत नाहीत. औषध असताना पाण्यातला ऑक्सिजन घटू शकतो, हवा दुप्पट करा.

इक नक्की झाला तर कॉपर, पण मासा खायला लागल्यावर. चिलेटेड (दुसऱ्या रसायनाला बांधलेलं) कॉपर ५-७ दिवसांत हळूहळू वर न्या आणि पूर्ण मात्रेवर ३० दिवस ठेवा. इथे एक धोका आहे: सगळी कॉपर औषधं एका मापाची नाहीत. काहींचं लक्ष्य ०.५ पीपीएम असतं, काही घट्ट बांधलेल्या चिलेटेड कॉपरचं २ ते २.५. एकाचं माप दुसऱ्याला लावलं तर मासा मरेल किंवा परजीवी जगेल. लेबल वाचा, त्याच प्रकारचं कॉपर मोजणारा टेस्ट किट घ्या, रोज मोजा. बदलायच्या पाण्यात आधी तेवढंच कॉपर मिसळा, मग ओता. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा. अमोनिया बांधणारी कंडिशनर द्रव्यं कॉपरबरोबर वापरू नका. त्यांतली अनेक कॉपरचं अधिक विषारी रूप करतात. वेल्व्हेट असेल तर मात्र खाण्याची वाट बघायला वेळ नाही, एक-दोन दिवसांतच पूर्ण मात्रेवर जावं लागतं. तो धोका पत्करावाच लागतो.

इक ठरला तर एक कडू गोष्टही करावी लागेल. परजीवी आता मुख्य टाकीत आहेत, आणि क्लाउन, टँग, क्रोमिस धडधाकट दिसत असले तरी त्यांच्यावरही असणार. टाकी खरंच मोकळी करायची तर सगळे मासे बाहेर काढून त्यांच्यावरही उपचार आणि मुख्य टाकी ७६ दिवस माशांविना. कोरल, कोळंबी, गोगलगायी आत राहू शकतात. एवढी सोय सगळ्यांकडे नसते. नसेल तर फक्त हा एक मासा पूर्ण बरा करून त्याच टाकीत परत सोडणं म्हणजे तेच चक्र पुन्हा सुरू करणं आहे, हे समजून निर्णय घ्या.

पुढच्या वेळेसाठी ड्रिपबद्दल. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच खाली येतो, त्यामुळे जमलेला अमोनिया बहुतांश कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडताच वायू उडून जातो, पीएच चढतो आणि पीएच एक अंकाने चढला की विषारी रूपाचं प्रमाण जवळपास दहापट होतं. दोन तास ड्रिप म्हणजे दोन तास त्या पाण्यात. जवळून अर्ध्या तासात आणलेल्या माशाला ड्रिपने काही होत नाही, २४ तासांच्या पार्सलला होतं. म्हणून आधी विचारून क्वारंटाईन टाकीची (नवा मासा आधी ठेवायच्या वेगळ्या टाकीची) क्षारता पाठवणाऱ्याच्या पाण्याइतकी ठेवा. पिशवी बंदच २० मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवा, उघडा, आणि मासा लगेच सोडा, पिशवीचं पाणी टाकीत नको. मग क्षारता दिवसाला विशिष्ट घनतेच्या ०.००१ ते ०.००२ ने चढवा. उतरवणं मासा सोसतो, एकदम चढवणं नाही.

मुख्य टाकीत परत नेताना ॲक्लिमेशन बॉक्समध्ये पाच-सात दिवस. टँगने काचेवर धडका मारणं थांबवलं की सोडायचं, त्याआधी दोन-तीन दगडांची जागा बदला. रोज क्रोमिस आणि टँगला एका टोकाला आधी भरवा आणि ते तिथे गुंतले असताना कॉपरबँडची शिंपली दुसऱ्या टोकाला ठेवा. अन्नाच्या झुंडीत तो कधीच जिंकत नाही. टाकीत नळीत राहणारे फेदर डस्टर किडे असतील तर ते जातील. ट्रायडॅक्ना (टाकीत पाळतात तो मोठा, रंगीत) शिंपला किंवा मांसल कोरल असतील तर पहिले काही आठवडे लक्ष ठेवा, काही मासे त्यांना टोचतात. एप्टेशिया (टाकीत नको असताना वाढणारा समुद्रफुलासारखा जीव) खाईल म्हणून घेतला असेल तर तेवढ्या एका अपेक्षेवर त्याला ठेवू नका. काही खातात, काही बघतही नाहीत. आणि हा मासा २० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, ४०० लिटर त्याला जेमतेम पुरेल, त्यामुळे आणखी मासे आणू नका. दुसरा कॉपरबँड तर मुळीच नको.

आता मला चार गोष्टी कळवा: रिफ्रॅक्टोमीटरचा आणि अमोनियाचा आकडा, मिनिटाला श्वास, परांचा जवळून काढलेला फोटो, आणि टँग त्याच्याशी काय करतो. वेगळी टाकी लावायची की बॉक्स पुरेल, हे त्यावरून सांगता येईल. तोपर्यंत फ्रीझरमध्ये तिसऱ्या टाकून ठेवा आणि कॉपरची बाटली बंदच राहू द्या. फक्त श्वास १२० च्या वर टिकला किंवा अंगावर धूळ दिसली, तर माझ्या उत्तरासाठी थांबू नका.